गुरुवारच्या रात्री वाचलेले कच्चे खर्डे

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापून येण्यास १९५४ साल उजाडले. परंतु ऑक्सफर्डमधील काही मोजक्या माणसांनी ही कादंबरी त्यापूर्वी कित्येक वर्षे, प्रकरण हातावेगळे होईल तसतशी, ऐकली होती. या मंडळींना ‘इंकलिंग्ज’ म्हणत. आजचा धागा त्यांच्याविषयी, आणि अपुरे लेखन मित्रांपुढे वाचण्याच्या त्यांच्या प्रघाताविषयी.

नाव मूळचे विद्यार्थ्यांच्या एका अल्पायुषी मंडळाचे. त्यात श्लेष आहे: ज्यांच्या मनात काही पुसट कल्पना घोळत असतात ते, आणि शाईत बोटे माखून घेणारेही तेच.

प्रघात रुजला तो दोघांच्या मैत्रीत. जे. आर. आर. टोल्किन हे अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक, सी. एस. लुईस मॉडलिन कॉलेजात इंग्रजी शिकवीत. १९२९ च्या अखेरीस टोल्किन यांनी बेरेन आणि लुथिएन यांच्या प्रेमकथेवरील आपले अपूर्ण दीर्घकाव्य लुईस यांच्या हाती दिले. ही कथा त्यांच्या किती जिव्हाळ्याची होती, हे एवढ्यावरून कळावे की टोल्किन पती-पत्नींच्या थडग्यावर आज हीच दोन नावे कोरलेली दिसतात. अशा लेखनातले दोष दाखवायचे कसे? लुईस यांनी एक गंमत केली. हे काव्य म्हणजे जणू एखादी प्राचीन पोथी आहे असे मानून त्यांनी काही काल्पनिक पंडित निर्माण केले आणि त्यांच्या नावे पाठभेदांची चर्चा करणारी भाष्ये लिहिली. फसलेली ओळ दिसली की हे पंडित ती नकलनविसाच्या माथी मारीत! टोल्किन यांनी कित्येक ओळी खरोखरच बदलल्या. समीक्षेचा इतका सुसंस्कृत नमुना माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

पुढे गुरुवारी रात्री लुईस यांच्या मॉडलिनमधील खोल्यांत बैठक भरू लागली. घटना नाही, पदाधिकारी नाहीत. लुईस यांचे थोरले बंधू वॉरन चहा करीत, पाइप पेटत, आणि कोणी काही वाचायला आणले आहे काय, अशी विचारणा होई. स्तुती मोकळी असे आणि टीकाही. महायुद्धामुळे १९३९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचे लंडन कार्यालय ऑक्सफर्डला हलले, तेव्हा त्यासोबत आलेले कादंबरीकार चार्ल्स विल्यम्सही या बैठकीत सामील झाले.

‘द हॉबिट’ १९३७ मध्ये गाजले आणि प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. नव्या कथेच्या आरंभी हॉबिटांच्या गप्पाच फार होत्या. लुईस यांचे म्हणणे, हॉबिट गमतीदार वाटतात ते त्यांच्या स्वभावाला न साजणाऱ्या प्रसंगी. टोल्किन यांना त्या गप्पा प्रिय. तरीही आवर घातला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. १९४४ मध्ये तर कथा रुतून बसली होती. लुईस यांनी पुन्हा नेट लावला, टोल्किन लिहू लागले, आणि नवी प्रकरणे ऐकताना लुईस यांचे डोळे भरून आल्याचे त्यांनी दक्षिण आफ्रिकेत सैनिकी प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाला, ख्रिस्तोफरला, कळवले.

टोल्किन यांच्यावर कोणाचाही प्रभाव पडत नसे, असे लुईस नंतर म्हणत. हे मला पटत नाही. १९२९ ची ती बदललेली पानेच त्याविरुद्ध साक्ष देतात. टोल्किन स्वतः मात्र लुईस यांच्या टीकेपेक्षा त्यांच्या प्रोत्साहनाचे ऋण मोठे मानीत.

प्रत्येक श्रोता असा नव्हता. ह्यूगो डायसन यांना हॉबिटांचा मनस्वी कंटाळा. १९४७ मध्ये त्यांना चक्क नकाराधिकार मिळाला: डायसन उपस्थित असतील तर ही कादंबरी वाचायची नाही! वॉरन यांना हे अन्यायाचे वाटले. जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या कामावर एका कंटाळलेल्या श्रोत्याने बंदी घालावी आणि इतरांनी ते चालवून घ्यावे, हे या मंडळाच्या इतिहासातले सर्वांत दुबळे पान होय.

परतफेडीचा हिशेबही सरळ नाही. लुईस यांची ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ एका प्रकाशकाने नाकारली, तेव्हा टोल्किन यांनी आपल्या प्रकाशकाकडे तिची शिफारस केली. १९३८ मध्ये ती निघाली. पण १९४९ मध्ये लुईस यांनी नार्नियाच्या पहिल्या कथेचा आरंभ वाचून दाखवला, तो टोल्किन यांना मुळीच रुचला नाही. लुईस यांना धीर दिला तो दुसऱ्या एका स्नेह्याने, रॉजर लान्सेलिन ग्रीन यांनी.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लुईस यांनी टोल्किन यांच्या कादंबरीची संपूर्ण टंकलिखित प्रत वाचली आणि भरभरून पत्र लिहिले. काही भाग वेगळे लिहिले असते किंवा गाळले असते तर बरे झाले असते, हेही त्यात होतेच. त्याच महिन्यातल्या एका गुरुवारी वॉरन यांनी रोजनिशीत नोंदवले की रात्री कोणीच आले नाही. मंगळवारी दुपारी ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्ये ही मंडळी पुढेही जमत राहिली. खर्ड्यांचे वाचन मात्र थांबले.