तळटीप १४ : तात्पुरते मत

१४. तात्पुरते मत : ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे आहे, त्यामुळे यादीत नाव सापडले नाही किंवा नावापुढे ‘मत दिले’ अशी खूण आधीच दिसली, तरी केंद्राधिकारी मतदाराला सरळ परत पाठवत नाही. मतदार लिफाफ्यावरील प्रतिज्ञापत्र भरून सही करतो. कर्मचारी साक्षीची सही करतो. घडी घातलेल्या मतपत्रिका त्याच लिफाफ्यात बंद होतात. मतदानानंतर मतदारसंघाचा निवडणूक अधिकारी, उमेदवारांच्या प्रतिनिधींदेखत, लिफाफा न उघडता नोंदणी तपासतो. दावा ग्राह्य ठरला तरच लिफाफा उघडतो, आणि मतपत्रिका घडी न उलगडता पेटीत जातात, म्हणजे गुप्तता राखली जाते. त्याच राज्यातल्या दुसऱ्या मतदारसंघात नाव असेल, तर फक्त सिनेटचे (वरिष्ठ सभागृहाचे) मत मोजतात. २००७ व २०१० च्या निवडणुकांत ओळखीचा पुरावा लागत असे; ती अट पुढे काढली, आता शंका आल्यास सही जुन्या नोंदीशी ताडून पाहतात. आपल्याकडील ‘प्रदत्त मत’ याहून वेगळे : आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकल्यास ते देता येते, पण नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. यादीत नावच नसेल, तर भारतात मत देता येत नाही. — संपा.