खोडदची दुर्बीण आणि लहरींची वाटणी

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली व २००१ साली राष्ट्रास अर्पण झाली. स्थाननिवडीत येथील बिनतारी शांततेस महत्त्व होते. भोवतालचे डोंगर भूमीवरील लहरी अडवितात. पुढे जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांपर्यंत भ्रमणध्वनी पोहोचला. तो नाकारणे शक्य नव्हते, इष्टही नव्हते. सुधारित दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या लहरी टिपते. मात्र ८५० ते १०५० हा पट्टा तिने सोडलेला आहे. तेथे, ९००च्या आसपास, भ्रमणध्वनीची वहिवाट आहे. (दोन्ही शब्द जमिनीच्या व्यवहारातलेच!) मनोऱ्यांच्या मालकांशी निदान वाटाघाट करता येते. दिशादर्शक उपग्रहांचे ११७६ व १२२७ मेगाहर्ट्‌झवरील संकेत मात्र थेट माथ्यावरून येतात. तेथे डोंगरांचा आडोसा चालत नाही.