खूर, नाल आणि मुलूखगिरी

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या जुन्या कोड्याचे उत्तर मराठी घरातले लहान मूलही देते : न फिरवल्यामुळे. तबेल्यात बांधून ठेवलेल्या घोड्यापुरते हे उत्तर योग्यच आहे. परंतु नागपूर सोडून महानदीच्या काठापर्यंत दौडत जाणाऱ्या घोड्याला ते लावू गेले, तर कोडे उलटे होते. तो अडतो तो अति फिरवल्यामुळे, आणि पुष्कळदा त्याचे अडणे खुरापासून सुरू होते. अठराव्या शतकातील मराठ्यांच्या स्वाऱ्या आपण सरदारांच्या नावांनी ओळखतो. पण त्या स्वाऱ्यांना पल्ला आणि मर्यादा घालून देणाऱ्या गोष्टींत घोड्याच्या तळपायाचा वाटा लहान नव्हता.

१७४१ साली सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडात उतरले. रतनपूरच्या हैहयवंशी रघुनाथसिंहाने शरणागती पत्करली. पुढे १७५० मध्ये रायपूर शाखेच्या अमरसिंहाकडे रायपूर, राजिम आणि पाटण एवढेच परगणे, वर्षाला सात हजार रुपयांच्या खंडणीवर, राहू देण्यात आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. रायपूरहून दक्षिणेस धमतरीकडे जाताना, राजिमच्या वाटेला जेथे फाटा फुटतो, ते अभनपूर याच मुलखातले. येथे किल्ला नाही की नामांकित रणक्षेत्र नाही. आहे ती जमीन. आणि घोडेस्वाराच्या दृष्टीने तीच महत्त्वाची.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या मैदानी जमिनीला चार नावे दिली आहेत. काळी चिकण ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंच्या मधली डोरसा, आणि तांबड्या मुरमाची उजाड ती भाटा. भाताच्या शेतकऱ्याला ही नावे पिकासाठी हवीत. परंतु घोड्यालाही त्यांचा अर्थ टापेटापेला कळतो. भाट्यावरचा मुरूम कानशीसारखा खूर घासून काढतो. पावसात भिजलेली कन्हार खुराला धरून ठेवते, सैल झालेला नाल उपटून घेते, आणि सतत ओल्या चिखलात राहिलेले खूर मऊ पडून सडू लागते. म्हणजे एका जमिनीवर लोखंड हवेसे वाटावे आणि दुसरीवर तेच अडचणीचे व्हावे, अशी ही वाट.

खूर हे मेलेले शिंग नव्हे. ते वरच्या कडेपासून महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर, किंवा त्याहून थोडे कमी, वाढत खाली येते. पुढच्या टोकाशी ते संपूर्ण नवे व्हायला वर्षाच्या आसपास काळ लागतो. वाढ आणि झीज यांचा मेळ आहे तोवर अनवाणी घोडा सुखाने चालतो. झीज वाढीच्या पुढे गेली, की तळवा दुखावतो आणि घोडा लंगडतो. जे रोज वाढते ते रोज थोडेच खर्चावे, हा खुराचा जमाखर्च आहे.

हा जमाखर्च सांभाळण्याचे दोन मार्ग मनुष्याला फार पूर्वी सापडले. पहिला मार्ग खूरच टणक करण्याचा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अंगणात चारपाच गाड्या वाटोळे दगड पसरून त्यांवर घोड्याला उभे करावे, असा सल्ला दिला. खडकाळ भूमीवर वाढणाऱ्या दख्खनी शिंगराला हे शिक्षण जन्मतःच मिळते. भीमथडी तट्टांचा काटकपणा प्रसिद्ध आहे तो काही उगीच नव्हे. दुसरा मार्ग लोखंडाचा. अकबराच्या पागेत वर्षातून दोनदा नाल बसवीत आणि चारही पायांच्या नालांसाठी दहा दाम देत, अशी नोंद अबुल फज्लने केली आहे.

मराठ्यांनी या दोहोंच्या जोडीला तिसरा उपाय राज्यव्यवस्थेतच बसविला : विश्रांतीचा. शिवाजी महाराजांच्या काळापासून दसऱ्याला फौज बाहेर पडे आणि पावसाळ्याच्या तोंडी छावणीला परते. छावणीत दाणा, गवत आणि औषधे यांची तरतूद आधी केलेली असे. चिखलाचे चार महिने टळत, आणि झिजलेल्या खुराला भरून येण्यास अवधी मिळे. स्वारीस निघण्यापूर्वी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम देत, तिला तर नावच नालबंदी असे पडले. घोडा शिलेदाराच्या स्वतःच्या मालकीचा. तो निकामी झाला की त्याची रोजीच बुडाली. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराला ही धास्ती नव्हती. राज्याच्या हिशेबात पहिला पैसा नालाच्या नावे पडावा, यातच घोड्याच्या पायाची किंमत उघड होते.

पण या काळजीचा खर्च अखेर कोणी सोसला? चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणागवत आत्ताच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारलीत असे होईल. आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरी हात घातलात तर रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. घोडा आणि कुणबी यांचे हित एकत्र पाहणारी ही दृष्टी पुढच्या शतकात टिकली नाही. घासदाणा हे घोड्यांच्या वैरणीचे नाव खंडणीचे नाव झाले. १७४२ चा पावसाळा भास्कररामांच्या फौजेने बंगालमध्ये काटव्याला काढला, आणि आश्विनातील देवीपूजेच्या दिवसांत अलिवर्दीखानाने तिच्यावर छापा घातला. बारगीर शब्दाचा ‘बर्गी’ होऊन तो बंगालच्या अंगाईगीतांत भीतीचा शब्द म्हणून उरला. जे घोडे आपल्या पागेत जिवापाड जपले जात, त्यांच्याच टापांचा आवाज दुसऱ्याच्या दाराशी असा ऐकू येत होता.

आज लांब पल्ल्याची दौड ही स्पर्धा झाली आहे. १९५५ साली सुरू झालेल्या कॅलिफोर्नियातील दौडीत घोडी एका दिवसात शंभर मैल डोंगरवाट तुडवतात. काहींच्या पायांत नालाऐवजी काढता-घालता येणारे बूट असतात, आणि ठिकठिकाणी पशुवैद्य त्यांची चाल पाहतो. जो घोडा लंगडला तो तेथेच थांबतो. मालकाची हौस त्याच्यापुढे चालत नाही. अभनपुरालाही १९०० च्या सुमारास अरुंद रुळांची आगगाडी आली, आणि कन्हारीत नाल उपटण्याची चिंता संपली. उरला तो एक साधा बोध. पल्ला किती गाठावा हे स्वाराच्या इच्छेवर नव्हे, तर ज्याच्या पाठीवर तो बसला आहे त्याच्या पायावर ठरते. घोड्याच्या बाबतीत हे मराठ्यांनी ओळखले होते, रयतेच्या बाबतीत मात्र पुढे त्यांना त्याचा विसर पडला.