पदवीची अट आणि मायबोली

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली म्हणजे आपण पेढे वाटतो, भिंतीवर तसबीर लावतो आणि नावापुढे दोन अक्षरे जोडतो. परंतु त्या दोन अक्षरांसाठी विद्यापीठाने नेमके काय मागितले होते, आणि काय मागितले नव्हते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वास्तविक समाज कशास विद्या म्हणतो व कशास म्हणत नाही, याचा निवाडा ह्या मागणीतच दडलेला असतो. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इतिहासात हे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल; म्हणून त्या इतिहासाचा थोडा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

१८५४ च्या जुलै महिन्यात सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून निघाला आणि त्यास अनुसरून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना इकडे विद्यापीठाचे नियम तयार होत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ह्या विद्यापीठांचा नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकविण्याचे काम एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्याचे कॉलेज इत्यादी संस्थांनी करावयाचे. विद्यापीठाने केवळ नियम घालून द्यावयाचे, परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. अर्थात विद्यापीठाची सारी सत्ता अभ्यासक्रमाच्या यादीत एकवटली होती. यादीत जे असेल ते कॉलेजात शिकविले जाई. जे नसेल त्याकडे विद्यार्थी ढुंकूनही पाहत नसे.

ह्या नियमांची कसोटी प्रथमपासूनच कडक होती. कलकत्त्यास १८५८ साली बी. ए.ची पहिली परीक्षा झाली, तेव्हा एकही उमेदवार सर्व विषयांत पुरा उतरला नाही. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय व यदुनाथ बोस हे दोघे सहांपैकी पाच विषयांत चांगले उत्तीर्ण झाले होते; सहाव्यात जे थोडे गुण कमी पडले, ते कृपेने देऊन त्यांस पदवी देण्यात आली. मुंबईस मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा १८५९ साली आणि बी. ए.ची पहिली परीक्षा १८६२ साली झाली. त्या पहिल्या परीक्षेत चौघेजण उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांचीही नावे पुढे महाराष्ट्राच्या इतिहासात राहिली. पदवीची अट कठीण असणे म्हणजे काय, हे ह्या चार नावांवरून कळते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. वुडच्या खलित्यात देशी भाषांचा अनादर मुळीच नव्हता. विद्यापीठांच्या आश्रयाने संस्कृत, अरबी व फारसी यांबरोबरच देशी भाषांच्याही अध्यापकांच्या जागा निर्माण कराव्यात, अशी सूचना त्यात स्पष्टपणे केलेली होती. त्यास अनुसरून मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या नियमांत इंग्रजीबरोबर घ्यावयाच्या दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, गुजराती आदी भाषांस प्रवेश होता. परंतु हा प्रवेश फार दिवस टिकला नाही. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा ठेवाव्यात, असे ठरले. ह्या मताचे मुख्य पुरस्कर्ते म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपल व पुढे विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सेलर झालेले सर अलेक्झांडर ग्रँट.

ग्रँटसाहेबांस मराठीचा शत्रू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नामांकित भाष्यकार. ज्या भाषेत प्रौढ गद्य ग्रंथांचा साठा नाही, त्या भाषेत पदवीची परीक्षा कशाची घ्यावयाची, ही त्यांच्या पक्षाची अडचण होती, आणि त्या काळी ती अगदीच पोकळ नव्हती. शिवाय १८६४ अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात देशी भाषांत छापल्या गेलेल्या पुस्तकांची यादी तयार करून प्रसिद्ध करणारे गृहस्थही हेच. मराठीची पुस्तके मोजणारा आणि मराठीस परीक्षेतून वगळणारा पुरुष एकच असावा, हा योग चमत्कारिक खरा!

ह्या निर्णयाचा एक लाभही झाला, तो मान्य केला पाहिजे. संस्कृत पदवीच्या अभ्यासात आल्यामुळे ती पाठशाळेच्या ओसरीवरून कॉलेजच्या वर्गात आली, डॉ. भांडारकरांनी इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी संस्कृतची क्रमिक पुस्तके रचली, आणि चिकित्सक दृष्टीने प्राचीन ग्रंथ वाचणाऱ्या पंडितांची एक परंपरा निर्माण झाली. पण हा लाभ पदरात पडत असता मायबोलीच्या वाट्यास काय आले? ग्रंथ नाहीत म्हणून भाषा परीक्षेत नाही. आणि परीक्षेत नाही म्हणून सुशिक्षित माणूस तीत ग्रंथ लिहीत नाही, असा हा फेरा होता. पोहता आल्याखेरीज पाण्यात उतरू नकोस, असे सांगण्यासारखाच हा न्याय!

यावर कोणी म्हणेल की, मराठी गद्याचा सुवर्णकाळ तर ह्याच वर्षांत उगवला. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली. टिळक व आगरकर यांची लेखणी त्यानंतरची. आणि मराठी कादंबरीस नवे वळण लावणाऱ्या हरिभाऊ आपट्यांना तर विद्यापीठाची पदवी कधी मिळालीच नाही. मग भाषेस परीक्षेची गरज काय? आमचे उत्तर असे की, ही माणसे विद्यापीठामुळे नव्हे, तर विद्यापीठाची उणीव स्वतःच्या जिद्दीने भरून काढून मराठीकडे आली. अपवादात्मक पुरुषांच्या पराक्रमावर सर्वसाधारण विद्यार्थ्याची व्यवस्था लावता येत नाही. त्या चार-सहा नावांच्या मागे शेकडो पदवीधर असे झाले की, ज्यांना मिल्टन पाठ होता आणि मोरोपंताची एक आर्या लावता येत नव्हती. घरी आईला पत्र लिहिताना ज्यांची लेखणी अडखळे, त्यांस विद्यापीठाने विद्वान ठरविले होते.

हा फेरा तोडण्याचे काम पहिल्या चौघांपैकीच एकाने अंगावर घेतले. रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, विद्यापीठाच्या कारभारात त्यांचे वजन वाढले. पण त्यांनी रागाने वा भावनेने वाद घातला नाही. ग्रंथ नाहीत हा आक्षेप होता, तेव्हा ग्रंथ किती व कसे आहेत हे दाखविणे हेच त्यास उत्तर, असे त्यांनी ठरविले. १८६४ पासून १८९६ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथांचा आढावा घेऊन १८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक टिपण सिद्ध केले. ग्रँटसाहेबांची यादी जेथे संपली होती, तेथूनच रानड्यांनी मोजणी पुढे चालविली, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. न्यायाधीशाने पुरावा मांडावा तसा हा प्रकार होता. मात्र हे टिपण त्यांस इंग्रजीतच लिहावे लागले. इतकेच काय, मराठ्यांच्या सत्तेचा उदय सांगणारा त्यांचा १९०० सालचा सुप्रसिद्ध ग्रंथही इंग्रजीतच आहे. मराठीचा सर्वांत मोठा वकील आपली बाजू परभाषेत मांडतो, यात त्या पदवीच्या यादीचा परिणाम किती खोल गेला होता हे दिसून येते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. त्याच वर्षी एम्. ए.च्या परीक्षेत मराठीस स्थान मिळाले. झाड वरून लावावे तसे हे घडले. शिखरावर मराठी आली, पण बी. ए.च्या पायऱ्यांवर तिला पाऊल ठेवण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यांनी प्रश्नाची बाजूच पालटून टाकली : मराठी हा एक विषय म्हणून नव्हे, तर सारे विषय मातृभाषेतून शिकवावयाचे आणि इंग्रजी हा त्यांतील एक विषय ठेवावयाचा. तेथील पदवीस ‘गृहीतागमा’ असे सुंदर नाव होते. परंतु ह्या विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. ज्या मुलींनी त्यापूर्वी ती पदवी घेतली, त्यांनी सरकारी शिक्क्यावाचून विद्येवर भरवसा ठेवला, असेच म्हटले पाहिजे.

आता काळ पालटला आहे. पदवीची मोजणी आता श्रेयांकांनी होते. २०२२ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेल्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या सन्मानाच्या पदवीस १६० श्रेयांक लागतात, व आधुनिक भारतीय भाषेस त्यात थोडी का होईना जागा ठेवलेली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. म्हणजे ज्या शब्दाच्या आधारे तिला एकेकाळी दाराबाहेर ठेवले होते, तोच शब्द आज तिच्या नावापुढे लागला आहे. ग्रँटसाहेबांच्या आक्षेपास आता जागा उरलेली नाही.

परंतु नियमांनी दार उघडते. आत जावयाचे ते विद्यार्थ्यानेच. सोपा पेपर, हुकमी गुण, एवढ्याच हिशेबाने मराठी निवडली गेली, तर यादीत असूनही ती नसल्यासारखीच. म्हणून मुलाचे किंवा मुलीचे विषय ठरविण्याचा कागद पुढे येईल तेव्हा, हा विषय पुढे कोणत्या कामी येईल, ह्याबरोबरच आणखी एक प्रश्न आपण विचारावा, अशी आमची विनंती आहे : ही पदवी घेऊन बाहेर पडलेले आपले मूल आपल्याशी, आपल्या भाषेत, आपण शिकलो त्याविषयी चार वाक्ये नीट बोलू शकेल काय? रानड्यांनी जो पुरावा गोळा केला तो ह्या प्रश्नासाठीच होता, असे आम्हांस वाटते.