भेंडी नव्हे, बिस्कीट!

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, तिरामिसूत लेडीफिंगर घालतात म्हणे. भेंडी? गोडात?" हसून हसून पुरेवाट झाली. पण तिला समजावता समजावता मीच या बिस्किटात अडकले.

याचं इटालियन नाव साव्होयार्दी, म्हणजे सॅव्हॉयची. आल्प्सच्या कुशीत सॅव्हॉय घराण्याचं राज्य होतं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचा राजा पाहुणा आला, तेव्हा तिथल्या मुदपाकखान्यात ही बिस्किटं पहिल्यांदा झाली, अशी कथा सांगतात. कथाच ती. खरी-खोटी देव जाणे.

कृती मात्र हुशारीची. बेकिंग पावडर आली एकोणिसाव्या शतकात. त्याआधी पीठ फुगवायचं कसं? अंड्यातला पांढरा भाग वेगळा फेसायचा, पिवळा साखरेबरोबर घोटायचा, मग मैद्यासकट सगळं हलक्या हाताने एकत्र करायचं. फेसातली हवा हेच बळ. बोटाएवढ्या पट्ट्या घालून, वर साखर भुरभुरून भाजायच्या. गार झाल्या की कोरड्या आणि सच्छिद्र. म्हणूनच त्या रस पितात, आणि म्हणूनच गोडाच्या पदार्थांत त्यांना मान. पॅरिसमध्ये कारेमने (१७८४–१८३३) साच्याच्या कडेने ही बिस्किटं उभी रचून आत क्रीम भरलं. ती शार्लोत रूस. पण बिस्किटाला खरी कीर्ती दिली तिरामिसूने, आणि तो तसा कालचा पोर! त्रेविझोच्या 'ले बेक्केरिये' या रेस्तराँत १९७० च्या सुमारास तो झाला असं बहुतेक मानतात. शेजारच्या फ्रिउलीचा दावा आहे की आधी आमचा. २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने तिरामिसू फ्रिउलीच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत घातला, तेव्हा त्रेविझोकडची मंडळी केवढी खवळली!

माझा पहिला तिरामिसू म्हणजे लापशी झाली होती. चहात पार्ले-जी बुडवायची सवय ना! कॉफीत बिस्कीट दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं की संपलं. आत थोडं कोरडं राहिलं पाहिजे. उरलेली ओल रात्रभरात क्रीममधून येते.

पण मला खरी गंमत वाटली ती नावाची. १८६० साली सॅव्हॉय प्रांत फ्रान्सकडे गेला. १८६१ साली हेच घराणं साऱ्या इटलीचं राजघराणं झालं. १९४६ च्या सार्वमतात लोकांनी राजेशाहीच मोडीत काढली. १९४८ च्या राज्यघटनेने माजी राजांना आणि त्यांच्या पुरुष वारसांना देशात पाऊल ठेवायलाही बंदी केली. ती उठली २००२ साली. तेवढी ५४ वर्षं राजपुत्र सीमेबाहेर, आणि त्यांचं नाव मात्र इटलीतल्या घराघरांत, बिस्किटाच्या पुड्यावर!

आणि ज्याने पहिल्यांदा तो फेस घोटला, त्या आचाऱ्याचं नाव? ते कुठेच नाही. आजीच्या अनारशांची ख्याती गावभर होती, पण गाव तिला आजोबांच्या नावाने ओळखायचं. तिचं नाव मला शाळेत गेल्यावर कळलं.

असो. भाचीला म्हटलं, भेंडीची भाजीच कर. तिरामिसू करायला मी येते.