ठाणे खाडीतील रोहित पक्षी आणि ड्रोन-निरीक्षण

मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर या उपनगरांच्या पूर्वेला पसरलेल्या ठाणे खाडीत दरवर्षी रोहित पक्षी उतरतात. फ्लेमिंगो किंवा अग्निपंख या नावांनीही ते ओळखले जातात. त्यांच्यावर उडणाऱ्या कॅमेऱ्याचा, म्हणजे ड्रोनचा, काय परिणाम होतो याचा विचार या नोंदीत केला आहे. पक्षिगणना, कांदळवनांचे नकाशे आणि छायाचित्रण अशा तीन कामांसाठी ड्रोन वापरता येतो. पहिली दोन कामे संशोधनाची व तिसरे बहुधा हौसेचे असते. थव्याला मात्र हेतू कळत नाही. डोक्यावर काय आले, किती जवळ आले आणि कोणत्या दिशेने आले, एवढेच त्याला कळते.

क्षेत्र : खाडीची लांबी सुमारे २६ किमी. आहे. ऐरोली व वाशी या पुलांदरम्यानचे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पक्षी : येथे मोठा रोहित (फीनिकॉप्टेरस रोझिअस) आणि लहान रोहित (फीनिकोनायस मायनर) या दोन्ही जाती येतात. संख्येने लहान रोहित अधिक असून तो जागतिक पातळीवर ‘संकटसमीप’ गणला जातो. पक्षी हिवाळ्याच्या सुमारास येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ते येथे घरटी करीत नाहीत. भारतातील त्यांची प्रमुख वीण कच्छच्या रणात होते. लहान रोहितांचे मुख्य अन्न म्हणजे चिखलातील व पाण्यातील सूक्ष्म नील-हरित शैवाल. शहराच्या सांडपाण्याने खाडीत शैवाल वाढले म्हणून पक्षी वाढले, असे एक मत आहे.

गणना : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) जानेवारी २०१९ मध्ये केलेल्या गणनेत या परिसरात सुमारे १.२ लाख रोहित असल्याचे सांगितले गेले. होडीतून किंवा काठावरून मोजताना पुढच्या रांगेतील पक्षी मागच्यांना झाकतात, त्यामुळे आकडा कमी येण्याचा धोका असतो. वरून घेतलेल्या चित्रात हा अडथळा राहत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्लॅस्टिकच्या बदकांच्या कृत्रिम वसाहती मांडून दोन्ही पद्धती तपासल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ड्रोनवरील गणना जमिनीवरील गणनेपेक्षा ४३ ते ९६ टक्के अधिक अचूक ठरली. म्हणजे या यंत्राची उपयुक्तता खरी आहे. तिची किंमत पक्षी किती मोजतो, हा यापुढचा प्रश्न आहे.

परिणामांचा अभ्यास : या विषयावरील पायाभूत प्रयोग दक्षिण फ्रान्समध्ये झाला आणि २०१५ मध्ये तो ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ठाणे खाडीच्या दृष्टीने त्याला विशेष मोल आहे, कारण त्यातील तीन जातींपैकी मोठा रोहित आणि ग्रीनशँक या दोन जाती ठाणे खाडीतही येतात. तिसरी जात मॅलार्ड बदकाची होती. चार पंख्यांचा छोटा ड्रोन एकूण २०४ वेळा पक्ष्यांकडे नेण्यात आला. प्रत्येक वेळी रंग (काळा, पांढरा, निळा), वेग (सेकंदाला २ ते ८ मी.) आणि उतरण्याचा कोन (२०, ३०, ६० व ९० अंश) यांपैकी काही ना काही बदलले. ८० टक्के वेळा ड्रोन ४ मी. अंतरापर्यंत पोहोचला, तरी पक्ष्यांच्या वागण्यात दिसण्याजोगा फरक पडला नाही. रंग आणि वेग यांचा परिणाम आढळला नाही. सरळ डोक्यावरून, म्हणजे ९० अंशांत, उतरणाऱ्या ड्रोनला मात्र पक्ष्यांनी अधिक प्रतिसाद दिला. शिकारी पक्षी वरून झेपावतात, त्याच्याशी याचा संबंध असावा. ड्रोनचे उड्डाण पक्ष्यांपासून १०० मी.पेक्षा दूरवरून सुरू करावे आणि तो उभा खाली आणू नये, अशी शिफारस संशोधकांनी केली.

ऑस्ट्रेलियातील पाणपक्ष्यांवरील २०१६ च्या अभ्यासात स्थिरपंखी ड्रोनसाठी ६० मी. व बहुपंखी ड्रोनसाठी ४० मी. उंचीवर विशेष व्यत्यय आढळला नाही.

हे आकडे धीर देणारे आहेत, पण ते जसेच्या तसे खाडीला लावणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांवर झालेल्या अभ्यासात (२०१५) अस्वले ड्रोनखाली बहुतेक वेळा जागची हलली नाहीत, तरी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. उडून न जाणारा पक्षी निर्धास्तच आहे, असे म्हणूनच धरता येत नाही. दुसरे असे की, हजारोंच्या थव्यात थोडे पक्षी उठले तरी बाकीचेही उठतात. घरट्यांच्या जागी हानी आणखी मोठी असते. कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका येथे मे २०२१ मध्ये ड्रोन कोसळल्यावर एलिगंट टर्न जातीच्या सुरय पक्ष्यांनी सुमारे १,५०० अंडी सोडून दिली. ठाणे खाडीत रोहितांची घरटी नसल्याने हा विशिष्ट धोका त्यांना नाही.

भरतीची वेळ : ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडतात तेव्हा रोहित तेथे चरतात. भरतीला पाणी चढले की थवे भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरातील किंवा नवी मुंबईतील नेरूळच्या पाणथळ जागांवर विसावतात. अशा जागा मोजक्याच आहेत. त्या वेळी हुसकावलेल्या थव्याला जाण्यासारखी दुसरी जागा सहज मिळत नाही आणि साठवलेली ऊर्जा विनाकारण खर्च होते. २०२० च्या टाळेबंदीत नवी मुंबईतील गुलाबी थव्यांची आकाशातून टिपलेली चित्रे जगभर पाहिली गेली. त्यांनी खाडीला लोकांचे प्रेम मिळवून दिले, हे मान्य करायला हवे. तेच चित्र पुन्हा मिळवण्यासाठी विश्रांतीच्या जागेवर ड्रोन नेणे त्या प्रेमाला शोभणारे नाही.

घाटकोपरची दुर्घटना : २० मे २०२४ रोजी रात्री दुबईहून मुंबईला उतरणाऱ्या विमानाची घाटकोपरवर रोहितांच्या थव्याशी धडक झाली. पंतनगर-लक्ष्मीनगर भागात मृत पक्षी सापडले व त्यांची संख्या ३९ वर गेली. विमान सुखरूप उतरले. थवा त्या मार्गात का आला, याबद्दल पाणथळ जागांचा ऱ्हास, रात्रीचा प्रखर उजेड, वीजवाहिन्या अशी निरनिराळी कारणे मांडली गेली. त्यांबाबत एकमत नाही. हवेत उठलेला थवा विमानमार्गात शिरू शकतो, एवढे मात्र या घटनेने दाखवून दिले.

कायदा : ड्रोन नियम, २०२१ (२५ ऑगस्ट २०२१) यांनुसार आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग आहेत. लाल विभागासाठी केंद्र सरकारची, तर पिवळ्यासाठी हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात प्रवेश करून संशोधन किंवा छायाचित्रण करण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्यांना हाकणेही येते. ड्रोनने थवा उठवणे त्यात बसते, असा अर्थ काढता येतो.

 

मूल्यमापन : रोहितांच्या गणनेसाठी ड्रोन हे उत्तम साधन आहे. मात्र ते प्रशिक्षित पथकाने, परवान्यासह, दुरून उडवून, तिरप्या मार्गाने आणि ठरलेल्या उंचीवरूनच वापरावे. सोबत थव्याच्या प्रतिसादाची नोंद ठेवावी आणि पक्षी माना उंचावून चालू लागताच ड्रोन मागे घ्यावा. भरतीच्या वेळी विश्रांतीस्थळांवर हौशी छायाचित्रणासाठी तो मुळीच नेऊ नये.