धाराशिवची चुकलेली गाडी : यात्रा, फुटबॉलचे मैदान आणि परतीची गर्दी

(१)
फुटबॉलचे नवे मैदान बांधायचे ठरले की चर्चा होते ती आसनांची, छताची आणि खर्चाची. पन्नास हजार माणसे तेथे येणार कशी आणि सामना संपल्यावर एकाच तासात घरी जाणार कशी, हा प्रश्न बहुधा शेवटी निघतो. धाराशिव जिल्ह्यात एवढे मोठे फुटबॉलचे मैदान नाही. मात्र एका ठिकाणी, एका दिवशी लोटणाऱ्या गर्दीला वाट कशी द्यावी, हा प्रश्न या भागाला सव्वाशे वर्षांपासून परिचित आहे. त्याचे एक टोक पंढरपुरात आहे, दुसरे तुळजापुरात.

(२)
आरंभ १८५९-६० पासून करावा लागतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून निघून १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. हा मार्ग ना पंढरपूरला शिवला, ना बार्शीला. ज्या स्थानकावर उतरून बार्शीला जायचे, त्याचे नावच 'बार्शी रोड' पडले. तेच आजचे कुर्डुवाडी. त्या काळच्या स्थानकाच्या नावातील 'रोड' या शब्दाचा अर्थ एवढाच, की गाव येथे नाही, येथून गावाकडे रस्ता जातो. हा रस्ता तब्बल २१ मैलांचा होता.

(३)
त्या २१ मैलांत बैलगाड्यांची रांग लागे. बार्शी ही कापूस व धान्याची मोठी पेठ. माल गाडीने बार्शी रोडपर्यंत यायचा आणि तेथून पुढे मुंबईला जायचा. पंढरीचे यात्रेकरूही याच स्थानकावर उतरत आणि उरलेले पन्नासेक किलोमीटर पायी किंवा बैलगाडीने तोडत. म्हणजे मुख्य मार्ग होता, गर्दीही होती. नव्हता तो दोहोंना जोडणारा शेवटचा दुवा. आजच्या मैदानांच्या आराखड्यांतही नेमका हाच दुवा अनेकदा निसटतो.

(४)
हा दुवा जोडण्याचे काम एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अंगावर घेतले. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला होता. कमी रहदारीच्या प्रदेशात रुंद रुळांचा खर्च परवडत नाही, पण अरुंद रुळांची गाडी म्हणजे खेळणे, असे समजण्याचेही कारण नाही, हे त्याचे मत होते. विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पुढे त्याने पॅराशूटही तयार केले. तरी रेल्वेच्या इतिहासात त्याचे नाव राहिले ते बार्शीमुळे.

(५)
कॅलथ्रॉपने रुळांमधील अंतर अडीच फूट ठेवले. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हा नियम केला. भार सर्व आसांवर सारखा वाटला गेल्याने हलक्या रुळांवरूनही भरगच्च गाडी नेता येऊ लागली. डब्यांचे सांगाडे एकाच मापाचे होते. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली, १८९६ मध्ये इंग्लंडमधील लीड्सजवळ या गाड्यांची चाचणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. अरुंद रुळांच्या रेल्वेचा नमुना म्हणून जगभरचे अभियंते त्याच्याकडे पाहू लागले.

(६)
१९०६ मध्ये या मार्गाची एक शाखा पंढरपूरला पोहोचली. दुसरी शाखा बार्शीहून पूर्वेकडे निघाली, बालाघाटाचा चढ चढून येडशीला आली आणि १९११ मध्ये लातूरला टेकली. १९२७ मध्ये पंढरपूरची शाखा मिरजेपर्यंत वाढली. लातूर ते मिरज असा सुमारे २०२ मैलांचा हा पसारा बार्शी लाइट रेल्वे या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातला काही भाग ब्रिटिश मुलुखात होता, काही निजामाच्या. येडशी, कळंब रोड, ढोकी ही स्थानके निजामाच्या राज्यातील आजच्या धाराशिव जिल्ह्यातली.

(७)
या यादीत एक नाव दिसत नाही, ते म्हणजे खुद्द धाराशिव. विसाव्या शतकाच्या आरंभी नळदुर्गहून जिल्ह्याचे ठाणे येथे हलले आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावाचे नाव उस्मानाबाद झाले. पण रेल्वेचा मार्ग लातूरच्या पेठेकडे निघाला होता आणि जिल्ह्याचे ठाणे त्या वाटेवर नव्हते. कळंबलाही स्थानक मिळाले ते 'रोड' या शब्दासह. जिल्ह्यातून रेल्वे जात होती, पण जिल्ह्याच्या गावाला ती पकडण्यासाठी येडशी गाठावी लागे.

(८)
आता पंढरपूरच्या गर्दीकडे वळू. आषाढीची वारी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती पायी चालणारी दिंडी. आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात, लाखो माणसे चालत पंढरीला पोहोचतात. पण वाहतुकीच्या हिशेबाने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. येताना जो वारकरी पंधरा-वीस दिवस चालतो, तो एकादशीचे दर्शन आटोपून परतताना बहुधा गाडी पकडतो. पेरण्या झालेल्या असतात, शेत वाट पाहत असते. येण्याची गर्दी पंधरवड्यावर पसरलेली असते. परतीची दोन-तीन दिवसांत दाटते.

(९)
म्हणून यात्रेच्या गाड्यांचा खरा कस परतीला लागे. बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवर त्यात आणखी एक अडचण होती. अरुंद रुळांवरून आलेल्या प्रवाशाला कुर्डुवाडीस उतरून रुंद रुळांची गाडी धरावी लागे. पंढरपूरहून कितीही गाड्या सोडल्या, तरी पुढची गाडी येईपर्यंत ती सारी माणसे कुर्डुवाडीच्या फलाटावरच थांबणार. साखळीतला सर्वांत अरुंद दुवाच सगळ्या साखळीचा वेग ठरवतो, हा वाहतुकीचा जुना नियम तेथे दर आषाढीला दिसत असे.

(१०)
याच काळात फुटबॉलने इंग्लंडला हाच धडा दिला. २८ एप्रिल १९२३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पहिला एफ.ए. कप अंतिम सामना झाला. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा. प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक माणसे आत शिरल्याचे अंदाज आहेत. लोक थेट खेळपट्टीवर आले. घोडेस्वार पोलिसांनी गर्दी हळूहळू मागे सारली आणि सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. त्यांतल्या एका पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्यामुळे तो सामना आजही ओळखला जातो. पुढे या अंतिम सामन्यासाठी आगाऊ तिकीट सक्तीचे झाले.

(११)
गर्दी आवरली नाही हे खरे. पण ती आली कशी, हे फारसे सांगितले जात नाही. त्याच दिवशी मैदानालगत रेल्वेचे नवे स्थानक सुरू झाले होते आणि ते फाट्यावर नव्हे, वळशावर बांधलेले होते. गाडी एका बाजूने येई, माणसे उतरवी आणि इंजिन न फिरवता पुढे निघून जाई. इंजिनाची दिशा बदलण्यात जाणारा वेळ वाचल्याने गाड्यांची माळ अखंड फिरत राही. परतीच्या गर्दीसाठी रुळांची रचनाच बदलण्याचे हे ठळक उदाहरण.

(१२)
लंडनच्याच आर्सेनल क्लबने दुसरी वाट धरली. १९१३ मध्ये त्याने हायबरी येथे मैदान घेतले, कारण गिलेस्पी रोड हे भुयारी रेल्वेचे स्थानक तेथे १९०६ पासूनच होते. १९३२ मध्ये त्या स्थानकाला क्लबचेच नाव मिळाले. स्थानकातून वर येणाऱ्या लांब बोगद्यात कठड्याने वेगळी केलेली एक मार्गिका आहे. सामन्याच्या दिवशी गर्दीच्या ओघाप्रमाणे तिचा उपयोग होतो. मैदान आधी बांधून गाडी मागण्यापेक्षा, गाडी जेथे आहे तेथे मैदान नेणे स्वस्त पडते, हा त्यातला व्यवहार.

(१३)
महाराष्ट्रात याचा दाखला नवी मुंबईत मिळतो. वाशीच्या पुढे हार्बर मार्गाची लोकल १९९३ मध्ये धावू लागली, नेरूळचे डी. वाय. पाटील मैदान २००८ मध्ये खुले झाले. रेल्वे आधी, मैदान नंतर. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा स्पेन विरुद्ध माली हा उपांत्य सामना येथे झाला, तेव्हा लोकलने येणे हा प्रेक्षकांपुढचा सरळ पर्याय होता. याउलट पुण्याजवळचे गहुंजे येथील क्रिकेटचे मैदान द्रुतगती मार्गाच्या काठी उभे राहिले आणि तेथील मुख्य भिस्त रस्त्यावरच्या वाहनांवर आहे.

(१४)
हिशेब साधा आहे. एस.टी.च्या एका गाडीत पन्नास माणसे धरली, तर पन्नास हजारांसाठी एक हजार गाड्या लागतात. एका रांगेत उभ्या केल्या तर ही रांग दहा किलोमीटरहून लांब होईल. बारा डब्यांच्या लोकलमध्ये दाटीवाटीने तीन हजार माणसे धरली, तरी सतरा गाड्यांत काम भागते. म्हणून मोठ्या गर्दीच्या ठिकाणी रेल्वेला पर्याय सापडत नाही. रस्ता कितीही रुंद केला तरी वाहनतळाचे तोंड अरुंदच राहते.

(१५)
धाराशिव जिल्ह्यात या हिशेबाची परीक्षा दर वर्षी आश्विनात होते. नवरात्रात तुळजापूरला महाराष्ट्रासह कर्नाटक, तेलंगण व आंध्रातून भाविक येतात. गावोगावच्या मंडळांचे तरुण देवीची ज्योत घेऊन धावत आपल्या गावी परततात. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरची वाट लोक रात्रभर चालतात आणि त्यांच्यासाठी हा रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवली जाते. येथेही पंढरीचाच नियम दिसतो : पायी आलेला भक्त परतताना वाहन शोधतो. आणि रस्ता चालणाऱ्यांसाठी बंद असतो, नेमक्या त्याच वेळी परतणाऱ्यांनाही तो हवा असतो.

(१६)
यात रेल्वेचा वाटा आजवर शून्य राहिला. १९५४ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. रुंदीकरण मात्र एकविसाव्या शतकात झाले. ते करताना जुना मार्ग बदलून रूळ धाराशिव शहराजवळून नेण्यात आले. २००७ मध्ये लातूर ते धाराशिव आणि २००८ मध्ये धाराशिव ते कुर्डुवाडी हा टप्पा खुला झाला. लातूरला गाडी आल्यानंतर ९६ वर्षांनी जिल्ह्याच्या ठाण्याला ती मिळाली. तुळजापूर तरीही रुळांपासून दूरच राहिले आणि सोलापूर-धाराशिव प्रवासाला रेल्वेने कुर्डुवाडीचा वळसा कायम राहिला.

(१७)
सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा मंजूर मार्ग हे दोन्ही प्रश्न सोडवण्यासाठी आहे. तो आखताना वेम्ब्ली आणि बार्शी या दोन रेल्वेंची पुढची कहाणी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. वेम्ब्लीचा तो कल्पक वळसा सामन्यांच्या दिवसांपुरताच उपयोगी होता. इतर दिवशी त्याला प्रवासी नव्हते. १९६८ मध्ये तेथून शेवटची गाडी गेली आणि पुढच्या वर्षी स्थानक रीतसर बंद झाले. बार्शीची गाडी मात्र शंभर वर्षांहून अधिक टिकली, कारण यात्रा आटोपल्यावरही तिच्याकडे कापूस होता, धान्य होते आणि बाजाराला जाणारी माणसे होती.

(१८)
म्हणून तुळजापूरच्या स्थानकाकडून दोन वेगवेगळ्या अपेक्षा आहेत. कोजागिरीच्या पहाटे थकलेल्या हजारो माणसांना एकामागून एक गाडीत बसवून रवाना करता येईल, एवढे फलाट, पाणी, सावली आणि मंदिरापर्यंतची मोकळी पायवाट तेथे हवी. आणि आषाढातल्या एखाद्या साध्या मंगळवारी सोलापूरच्या दवाखान्यात निघालेल्या रुग्णाला व महाविद्यालयात निघालेल्या विद्यार्थिनीला सोयीच्या वेळी गाडी हवी. पहिली अपेक्षा वर्षातून मोजके दिवस पुरी करावी लागेल, दुसरी उरलेले सारे दिवस. मार्ग टिकेल तो दुसरीवर.

(१९)
फुटबॉलच्या कोणत्याही प्रस्तावित मैदानालाही हेच लागू पडते. प्रेक्षक कसे येतील, हा प्रश्न अर्धाच आहे. ते कसे परततील आणि ज्या दिवशी सामना नाही त्या दिवशी त्या गाडीत कोण बसेल, हा उरलेला अर्धा. तुळजापूरच्या वाटेवर रात्रभर चाललेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. दर्शन झाल्यावर तो पहिली चौकशी करतो ती गाडी किती वाजता आहे, याची.